रिपोर्टातले पांढरे ठिपके

"मॅडम, माझ्या मेंदूला गंज चढलाय," असे म्हणत काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एमआरआयचा रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. वय 68, बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चक्कर येते म्हणून तपासणी झाली, चक्करेचे मूळ कानात निघाले आणि ती थांबलीही, पण रिपोर्टात 'वयोमानानुसार श्वेतद्रव्यातील बदल, फाझेकास श्रेणी 1' अशी एक ओळ होती आणि मुलाने तिच्याखाली पिवळी रेघ मारली होती. तेव्हापासून काका रात्री जागे राहून जुन्या सहकाऱ्यांची नावे आठवून पाहत आणि एखादे नाव अडले की काकूंना उठवत.

न्यूरॉलॉजिस्टनी "वयाचंच आहे" असे सांगितले होते. ते बरोबरच होते, पण घाबरलेल्या माणसाला एवढ्याने धीर येत नाही.

मेंदूचा जवळपास निम्मा भाग श्वेतद्रव्याचा असतो. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे तंतू त्यात असतात आणि त्यांच्यावरील मायलिन या स्निग्ध आवरणामुळे त्याला पांढरा रंग येतो, तसेच निरोपाला वेगही मिळतो. हे द्रव्य साधारण चाळिशीपर्यंत वाढते आणि साठीनंतर स्पष्टपणे घटू लागते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासानुसार विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतील अशा तंतूंची एकूण लांबी सुमारे 1,76,000 किलोमीटर भरते आणि ऐंशीपर्यंत ती जवळपास 45 टक्क्यांनी कमी होते. रिपोर्टातले बदल एमआरआयवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि या ठिपक्यांचे मुख्य कारण म्हणजे मेंदूतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होणे आणि तिथला रक्तपुरवठा रोडावणे. रॉटरडॅममध्ये 60 ते 90 वयाच्या हजारावर लोकांची तपासणी झाली, तेव्हा एकही ठिपका नसलेले शंभरात जेमतेम पाच निघाले. ठिपक्यांचे प्रमाण सांगणारी फाझेकास मोजपट्टी 0 (जवळपास नाहीत) ते 3 (सर्वाधिक) अशी आहे. काकांचा आकडा 1 होता.

"म्हणजे काहीच नाही ना?" त्यांनी विचारले. मी तसे म्हणाले नाही. ठिपके वाढून एकमेकांत मिसळू लागले की चाल मंदावते, पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे लपवण्यात अर्थ नसतो. मात्र श्वेतद्रव्याच्या सौम्य बदलांत परिणाम दिसलाच तर तो बहुधा विचार करण्याच्या वेगावर दिसतो. झालेला प्रसंगच मनातून पुसला जाणे ही वेगळी तक्रार आहे आणि तिची तपासणीही वेगळी असते.

मग मी कागदावर पाच आकडी आठ रकमा एकाखाली एक लिहून दिल्या. काकांनी सवयीने बोट जिभेला लावले, समोर नोटा नसतानाही, आणि खालून वर बेरीज करत गेले. पूर्वीपेक्षा वेळ लागला असे तेच म्हणाले, पण उत्तर चोख होते. अडलेल्या दोन नावांची आद्याक्षरे काकूंनी सुचवताच तीही आठवली. स्मरणशक्तीची रीतसर चाचणी न्यूरॉलॉजिस्टकडे झाली, तीही वयाला साजेशी आली.

खरी गोष्ट काकूंच्या तोंडून निघाली. "अहो, ती बीपीची गोळी तुम्ही दिवाळीपासून बंद केलीत, ते सांगा की." बरे वाटत होते, म्हणून बंद केली होती! मला ठिपक्यांपेक्षा याचीच अधिक काळजी वाटली, कारण उच्च रक्तदाब या सूक्ष्म वाहिन्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात, 140 चे लक्ष्य असलेल्या गटापेक्षा ठिपक्यांची वाढ कमी आढळली. काकांसाठी कोणता आकडा योग्य, हे अर्थात त्यांचे डॉक्टर ठरवणार होते. त्याच आठवड्यात भेटून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

महिन्याने काका आले तेव्हा पिशवीत रिपोर्ट नव्हता, खतावणीसारखी आखलेली वही होती. सकाळ-संध्याकाळच्या बीपीची वाचने, प्रत्येक आठवड्याखाली सरासरी आणि एका चुकलेल्या गोळीसमोर लाल शाईची फुली.