टाचण मिटव, पाटी बघ

पोरी,

परवा विट्याच्या स्टँडवर तू अपूर्णांक शिकवायची तीन छापील पाठ-टाचणं माझ्या हातात कोंबलीस आणि विचारलंस, "गुरुजी, यातलं चांगलं कुठलं?" तेवढ्यात गाडी लागली, बरं झालं. मला राग आला होता. तुझ्या पोरांच्या पाट्या न बघता मी काय सांगणार?

रात्री तिन्ही वाचली. पहिल्यात पिझ्झा. तू तो खोडून 'भाकरी' केलंयस. एवढ्यानं पाठ आपला होत नाही गं. घरी भाकरी कोण सारखी तोडतं? पोरांच्या लेखी चतकोर म्हणजे हाताला येईल तो तुकडा. बाचा चतकोर मोठा, धाकटीचा बारका. आणि अपूर्णांकाचा सगळा जीव 'समान' या शब्दात.

एकदा माझ्या वर्गाची तपासणी होती. टाचणाला 'उत्तम' शेरा मिळाला. त्याच तासाला कोपऱ्यातल्या एका पोरानं पाटीवर १/८ हे १/४ पेक्षा मोठं लिहिलं होतं. आठ चारपेक्षा मोठे, त्याचा हिशेब सरळ. मला दिसलं होतं. पण टाचणात पुढची पायरी बेरजेची, आणि साहेब मागं बसलेले. मी पुढं सरकलो. पोरगं मोठं झाल्यावर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात गेलं. बावीस कॅरेट म्हणजे २४ भागांतलं २२ भाग सोनं, हे त्याला भट्टीपुढं कळलं. माझ्या वर्गात कळायला हवं होतं.

म्हणून सांगतो, आधी पाटी बघ. सोमवारी फळ्यावर एवढंच लिही: १/४ मोठा की १/८? कितीजण चुकतात ते मोज. मगच टाचण उघड आणि ही चूक कुठल्या पायरीवर पकडली जाते ते शोध. पहिल्यात कुठंच नाही, ठेवून दे. दुसऱ्यात कागदाची पट्टी आहे, ती घे. घडीवर घडी घातली की भाग वाढतात आणि बारीक होतात, हे बोटांनाच कळतं. तिसरा भाग मात्र घडीनं नीट पडत नाही, म्हणून पट्टी २४ सेंटिमीटरचीच काप. २, ३, ४, ६, ८ सगळ्यांनी भाग जातो. त्या टाचणातलं सुरुवातीचं गाणं खोड. तिसरं टाचण एकाच इयत्तेला धरून लिहिलंय आणि तुझ्या एका खोलीत तिसरी-चौथी. तिसरीला पाव भागापर्यंत थांबव, चौथीला आठव्या भागापर्यंत ने. पट्टी तीच.

मी टाचणवहीचं उजवं पान कोरं ठेवायचो, तास झाल्यावर पोरांच्या चुका उतरवायला. 'टाचण अपूर्ण' असा लाल शेरा कितीदा बसला! सहकारी हेकट म्हणायचे. म्हणोत. डावी पानं मी कधीच रद्दीत घातली, उजवी अजून ट्रंकेत आहेत.

पुढच्या रविवारी घरी ये. टाचणं आणू नकोस. सोमवारी कोण काय चुकलं, तेवढं लिहून आण.

तुझे गुरुजी