फ्लेक्सवर ग्रेडियंटचे पट्टे: डीपीआय वाढवू नका

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंत ते असं: वीस बाय दहा फुटांचा मंडळाचा फ्लेक्स, मागे पिवळ्यातून केशरीकडे जाणारा ग्रेडियंट. स्क्रीनवर लोण्यासारखा दिसला आणि छापून आला तो सहा-सात इंची उभे पट्टे घेऊनच. वर मंडळाच्या सोनेरी नावात प्रत्येक अक्षराच्या सांध्याला डोक्यावरच्या रेघेवर ठिगळ. तुमची पोस्ट वाचून वाटलं, हे आपलंच जुनं प्रकरण. त्यातही फ्लेक्सवाल्याचं ते वाक्य, "फाइलचा डीपीआय कमी आहे, 300 करून आणा", हे तर मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे.

फाउंटन स्टेप्सचा (ग्रेडियंटच्या पायऱ्यांचा) आकडा, सीएमवायके (छपाईचे चार रंग) वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. आधी डीपीआयचं, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल त्याचं, बोलू, कारण माझा सगळ्यात जास्त पैसा तिथे गेला.

तुम्ही रंग दिलेत ते असे: दोन्ही टोकांना यलो 100, आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) एका टोकाला 20, दुसऱ्या टोकाला 35. म्हणजे बदलतोय फक्त मॅजेंटा, तोही 15 टक्के. फाइलमध्ये एका रंगाला 8 बिट मिळतात, त्यांत फिक्या ते गडद छटेच्या पायऱ्या असतात 256. त्यातल्या 15 टक्के म्हणजे 38. वीस फूट म्हणजे 240 इंच, ते 38 पायऱ्यांत वाटा: एकेक पायरी सव्वासहा इंचांची. तुमचे पट्टे हेच. त्यातून मशीनच्या सॉफ्टवेअरने दोन-चार पायऱ्या गिळल्या की फरक आणखी ढळढळीत होतो. आपला डोळाही दोन छटांची सीमा असते त्याहून ठळक करून दाखवतो. एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने 1865 मध्येच हे मांडलं होतं.

आता डीपीआय वाढवून काय होणार? पायऱ्या 38 च राहणार. फक्त प्रत्येक पट्ट्यात पिक्सेल जास्त भरणार.

हे मला कोणी सांगितलं नाही. आमच्या भागातल्या एका छपाईवाल्याने (नाव घेत नाही, अजून धंदा करतोय) दर वेळी फाइललाच दोष दिला. दीडशे करा, मग तीनशे करा. वीस फूट 300 डीपीआयला 72,000 पिक्सेल होतात, आणि जेपीजीत एका बाजूला 65,535 च्या वर जागाच नसते. म्हणजे तो मागत होता ती जेपीजी बनूच शकत नाही! गिऱ्हाइकासमोर मात्र "डिझायनरला फाइल देता येत नाही" असं खुशाल बोलून मोकळा. दुसऱ्या छपाईचे पैसे माझ्या बिलातून कापले गेले. पुढे एकदा त्याच्या ऑपरेटरच्या मागे उभा राहिलो तेव्हा दिसलं, की माझी पीडीएफ तो उघडतो, कमी क्वालिटीची जेपीजी काढतो आणि तीच मशीनला देतो. जेपीजी 8 बाय 8 च्या चौकटींत रंग दाबते. सावकाश बदलणाऱ्या छटेवर तिचा पहिला घाला पडतो. हे विचारल्यावर उत्तर काय, तर "सगळ्यांचं असंच करतो".

असो. उपाय दोन, आणि मला विचाराल तर दोन्ही करा. एक, टोकांच्या रंगांत अंतर वाढवा. मॅजेंटा 5 ते 70 नेलात तर पायऱ्या 166 होतात, पट्टा दीड इंचाच्याही आत येतो. रंग भडक वाटेल, पण मंडळाचा फ्लेक्स आहे, चालतो. दोन, पार्श्वभूमी तेवढी बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) करा आणि तिच्यावर अगदी थोडा गॉशियन नॉइज (विखुरलेले बारीक दाणे) टाका, एक-दोन टक्के. सीमा विस्कटते, डोळ्याला पट्टा धरता येत नाही. अक्षरं वरती व्हेक्टरच (पिक्सेल नसलेल्या आकारांत) राहू द्या आणि सगळं मिळून पीडीएफ द्या. या पार्श्वभूमीला 36 डीपीआय पुष्कळ झाला. रस्त्यावरून कोण नाक लावून बघतंय? 72 ला तीच पार्श्वभूमी न दाबता सुमारे 600 एमबी होते, 36 ला 150. (मी सोल्व्हंट फ्लेक्सचं सांगतोय. ऑफसेटवाल्यांनी यावर भांडू नये, त्यांचं गणित स्क्रीन रुलिंगवर, म्हणजे इंचामागे ठिपक्यांच्या किती ओळी त्यावर, चालतं.)

सोनेरी नावाचं कारण वेगळं. अक्षरं सुटी असताना ग्रेडियंट दिलात, म्हणून प्रत्येकाने आपला वेगळा ग्रेडियंट घेतला आणि सलग रेघ जागोजागी तुटली. कोरलड्रॉमध्ये ती कम्बाइन करायला जाऊ नका: जिथे दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढतात तिथे पांढरी भोकं पडतात. अक्षरं कर्व्ह करा (मजकुराचे आकार करा), सगळी निवडून वेल्ड करा (जोडून एकच आकार करा), आणि ग्रेडियंट त्यानंतर द्या. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. वेल्डनंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा. अध्यक्षांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ नेहमी शेवटच्या रात्रीच बदलतो. पॅलेटमधला तयार गोल्डही टाळा, त्यातला 20 टक्के काळा फ्लेक्सवर मळकट दिसतो. हे माझं मत, कोणाला तोच आवडतही असेल.

छपाईआधी नमुना मागा, पण अख्खा फ्लेक्स फूटभर करून छापलेला नको. त्यात सव्वासहा इंचांचा पट्टा पाव इंचाहून जरासाच मोठा होतो आणि सगळं छान दिसतं. फाइलमधला तीन फुटांचा तुकडा आहे त्याच मापात कापून द्या आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन बघा. त्याचे पैसे वेगळे घेतले तरी द्या.