दहा बाय दहाची खोली आणि दोन भावंडे

प्रश्न : आमची मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा आहे. दोघांना मिळून १० बाय १० फुटांची एकच खोली देता येते. दुमजली पलंग घ्यावा, असे यजमानांचे म्हणणे आहे; मुलगी मात्र खोलीत मधोमध प्लायची भिंत घालून मागते. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुमजली पलंग ठरवण्याआधी छताच्या पंख्याकडे पाहावे. घरगुती पंख्याच्या फेऱ्याचा व्यास सहसा ४८ इंच असतो. त्यामुळे आपल्या खोलीच्या मध्यावरील पंख्याची पाती भिंतीपासून ३ फुटांवर येतात आणि एकेरी पलंगाची रुंदीही नेमकी तेवढीच असते. वरची गादी ५ फुटांवर धरली, तर तिच्यावर उठून बसलेल्या मुलाचे डोके साडेसात फुटांच्या आसपास जाते. पाती ८ फुटांवर फिरत असतील, तर झोपेतून उठून आळस देताना त्याचा हात कोठे जाईल, हे वेगळे सांगायला नको. पंखा भिंतीवर घेण्याची तयारी असेल, तरच हा विचार करावा, आणि तेव्हाही कठडा गादीच्या वर किमान ५ इंच राहील, हे पाहावे. (कापसाची गादी पिंजून आणली की फुगते आणि कठडा तेवढाच बुटका होतो, हे सहसा लक्षात येत नाही.)

माझ्या मते, खालून दुसरा पलंग ओढून काढता येईल असा पलंग आपल्याला अधिक सोयीचा पडेल, कारण दिवसा मधली जमीन मोकळी राहते.

प्लायची भिंत घालू नये. खिडकी एकच असेल, तर एका बाजूला उजेड नाही आणि मे महिन्यात वाराही नाही, अशी स्थिती होईल. तरीही मुलीची मागणी हट्ट म्हणून सोडून देऊ नये. तिला भिंतीपेक्षा आडोसा हवा असावा. कपाटाशेजारचा एक कोपरा छताला पट्टी लावून जाड पडद्याने बंद होईल असा करावा, म्हणजे कपडे बदलण्यासाठी भावाला बाहेर घालवावे लागणार नाही. कपाटातील एका कप्प्याची किल्लीही तिच्याकडेच द्यावी. धाकट्याची त्यावर तक्रार येईल. त्याला त्याच्या वस्तूंसाठी झाकणाचा एक डबा द्यावा आणि त्याला ताईनेही विचारल्याशिवाय हात लावू नये.

अभ्यासाचे टेबल पलंगाकडे पाठ होईल असे भिंतीला लावावे व त्यावर खाली झुकणारा दिवा ठेवावा. ताईचा अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालला, तरी भावाच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही.