टोरंटोत ऑल-सीझन टायरवर हिवाळा निघेल का?

तुम्ही विचारलंय की ऑल-सीझन टायर नवेच आहेत, मग विंटर टायरचा खर्च कशाला. माझं स्पष्ट मत: घ्याच, आणि चारही घ्या. फक्त दोन लावले तर पुढची आणि मागची पकड वेगळी होते, वळणावर गाडी फिरू शकते.

खरा फरक रबराचा. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं. थंड सकाळी दोन्हींवर नख दाबून बघा, लगेच कळेल. शिवाय विंटर टायरच्या नक्षीवर ब्लेडने पाडल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर मात्र तेही घसरतात, तिथे वेग कमीच हवा.

‘माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे’ (म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते) यावर कृपया विसंबू नका. त्याने गाडी जागची निघते छान, पण ब्रेक लावल्यावर थांबवायचं काम टायरच करतो.

घेताना टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत सक्ती नाही, पण विम्यात सवलत मिळते, ती मागून घ्या. आणि थंडीत हवा उतरते, प्रेशर महिन्यातून एकदा तरी तपासा.