टीव्हीवरच्या हॉस्पिटलच्या मालिका बघून तिथं काम करणाऱ्यांना काय वाटतं? त्यातली कोणती बघण्यासारखी आहे?

कोणती बघावी ते शेवटी सांगतो, आधी जरा मन मोकळं करू द्या.

मी स्टाफ नर्स आहे, पुरुष. २१ वर्षं झाली, त्यातली बरीचशी आयसीयूत. आम्हाला ब्रदर म्हणतात. आपल्याकडच्या किती मालिकांत तुम्ही ब्रदर बघितलाय? सिस्टर असते, ती ट्रे घेऊन उभी राहते आणि ‘डॉक्टर, बीपी ड्रॉप होतंय’ एवढं बोलून गायब होते. ब्रदर तर नाहीच नाही. सासुरवाडीत मला अजून कंपाउंडर समजतात ते काय उगीच नाही.

२००२ ला स्टार प्लसवर संजीवनी लागायची तेव्हा मी नर्सिंगला होतो, मेसमधल्या टीव्हीसमोर अख्खी बॅच बसायची. मग २००७ ला दिल मिल गए आलं, ते बायको बघायची, अरमान-रिद्धिमाचं काय होतंय या काळजीत आमच्या घरी भाज्या करपायच्या. त्यात पेशंट कमी आणि भानगडी जास्त, पण त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही. नुकसान केलं ते हाउस नावाच्या अमेरिकन मालिकेनं. त्यात रक्त डॉक्टरच काढणार, एमआरआय डॉक्टरच करणार, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डॉक्टरच बसणार आणि एवढं करून वेळ उरला की पेशंटच्या घरात घुसून झडतीपण तेच घेणार. बाकीचा स्टाफ काय पगारी रजेवर असतो का?

माझ्या मेव्हण्यानं हाउसचे १७७ च्या १७७ भाग बघितलेत, तेही दोनदा. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

२०१६ ला सासरे (आम्ही मामा म्हणायचो) ॲडमिट होते. वय ७९, किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यात न्यूमोनिया झाला. हॉस्पिटल माझं नव्हतं, दुसरं होतं. व्हेंटिलेटरवरचा तिसरा दिवस, पहाटेचे पावणेतीन. बायको सासूबाईंना घेऊन खाली बाकड्यावर होती. ड्युटीवरची सिस्टर ओळखीची, तिनं मला दारात उभं राहू दिलं आणि माझ्यामागनं मेव्हणा कधी शिरला कळलंच नाही. मॉनिटरवर सरळ लाईन. दोन पोरं दर दोन मिनिटांनी बदलून छाती दाबत होती, तिसरा अँब्यु (श्वास द्यायची हातानं दाबायची पिशवी) दाबत होता. मामा वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, ती सारखी तळव्याखाली यायला लागली तेव्हा सिस्टरनं कात्रीनं दोरा कापला, मणी गोळा केले आणि युरीन टेस्टला देतात ना, ती पांढऱ्या झाकणाची डबी, तसली एक नवी डबी घेऊन त्यात भरले. वर लेबल चिकटवलं : मामांचं नाव, बेड ४, खाली ‘माळ, नातेवाईकांना देणे’. एवढ्या धांदलीत. असला सीन मी कुठल्या मालिकेत बघितला नाही.

आणि मेव्हणा ओरडतोय, ‘दाजी, शॉक का देत नाहीत? मशीन तर शेजारीच आहे!’

म्हटलं, सरळ लाईनला शॉक देत नाहीत.

म्हणाला, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’

हे नऊ वर्षं डोक्यात आहे, त्यामुळे आता नीट लिहूनच टाकतो. शॉकनं बंद हृदय चालू होत नाही. हृदय नुसतं थरथरत असतं (व्हीएफ) किंवा नाडी न लागता बेफाम पळत असतं, तेव्हा तो गोंधळ क्षणभर थांबवायला शॉक असतो, म्हणजे मग त्याची त्याला लय सापडते. सरळ लाईनीत थांबवायला शिल्लकच काही नसतं. तिथं छाती दाबणं (सीपीआर म्हणतात ते), ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन आणि कारण शोधणं, एवढंच. आणि ते दाबणं म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, आवाज येतो. टीव्हीवर कोपरं वाकवून कणीक मळल्यासारखं करतात कारण खाली जिवंत नट झोपलेला असतो, खरं दाबलं तर त्यालाच ॲडमिट करायला लागेल.

२६ मिनिटं चाललं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले काय करायचं, सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी म्हटलं थांबवा.

तेव्हापासून लग्न असो नाहीतर वास्तुशांती, मेव्हण्याचं एक वाक्य ठरलेलं, ‘शॉक दिला असता तर...’ न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९६ ला एक अभ्यास छापून आलेला, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ईआर, शिकागो होप आणि रेस्क्यू ९११ या टीव्ही कार्यक्रमांचे मिळून ९७ भाग बसून बघितले, तर सीपीआर दिलेल्यांतले ७५ टक्के तिथल्या तिथं वाचले आणि ६७ टक्के घरी जातील असं दाखवलेलं. खऱ्या आयुष्यात चांगल्या हॉस्पिटलातसुद्धा चार-पाचांत एखादा घरी जातो, आणि त्यात डायलिसिसवरचा ७९ चा माणूस, लाईन सरळ. हे सगळं मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

घरात कुणी असं आजारी असेल तर व्हेंटिलेटर, सीपीआर कुठवर करायचं ते त्या माणसालाच आधी विचारून ठेवा आणि पोरांसमोर विचारा. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे ते आपणच आधी लिहून ठेवायचं) मान्य केलंय, २०२३ ला त्याची पद्धतही सोपी केली. मामा मला डायलिसिसच्या खुर्चीत बसून म्हणाले होते, ‘पाव्हणं, आता पुरं झालं.’ पण ते मी एकट्यानंच ऐकलं, मग कोण विश्वास ठेवणार.

हां, मी डॉक्टर नाही हे खरंच. आणि माझं वाचून रस्त्यात कोसळलेल्या माणसाला हात लावायचं टाळू नका, तिथं लगेच छाती दाबायला घ्या, जवळपास शॉकचं मशीन असेल तर लावा, शॉक द्यायचा की नाही ते मशीनच सांगतं. हाउसमधल्या त्या लंगड्या डॉक्टरचं काम नटानं झकास केलंय, तेही मान्य.

बघायचंच असेल तर २०२५ ला आलेली द पिट ही अमेरिकन मालिका बघा. पहिल्या सीझनचे १५ भाग, एक भाग म्हणजे एक तास, सगळे मिळून एकच ड्युटी. वॉर्ड चालवते ती डेना नावाची सिस्टर आणि त्यात ब्रदरपण आहेत! एक ब्रदर करणारा नट तर खऱ्या आयुष्यातही नर्स आहे. मेव्हण्याला सांगितलं बघ म्हणून. म्हणाला, फार स्लो आहे.

ती डबी त्याच्याकडेच आहे, देवघरात. लेबलासकट.