वणव्यानंतर झुडपांचे बी केव्हा रुजते आणि केव्हा रुजत नाही

कोरड्या, विरळ जंगलात वणवा येऊन गेल्यावर तेथील झुडपे आपोआप परत येतील का, की बी पेरावे लागेल, असा आपला प्रश्न आहे. पेरणीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा जंगलात पुढच्या वाढीची तयारी बहुधा जमिनीखाली आधीच झालेली असते, एक तर मातीतल्या बीजसाठ्यात, नाही तर जळक्या खोडाखालच्या जिवंत मुळांत.

अकेशिया, डोडोनिया, सिआनोथस अशा झुडपांच्या बियांचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही आणि बी कित्येक वर्षे मातीत सुप्त राहते. साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसची धग काही मिनिटे लागली की कवचाचा एक कमकुवत भाग उघडतो आणि पुढच्या पावसाचे पाणी तेथून आत जाते.

मात्र ही धग बीपर्यंत पोहोचते की नाही, हे खोलीवर ठरते. माती उष्णता फार सावकाश वाहून नेते. पृष्ठभागावर शेकडो अंश तापमान असले, तरी गवताची आग झपाट्याने पुढे सरकते तेव्हा पाच सेंटीमीटर खाली जेमतेम फरक पडतो. त्यामुळे अगदी वरचे बी जळते, खोलवरचे सुप्तच राहते आणि मधल्या पातळ थरातले रुजते. याउलट जाड ओंडका तासन्‌तास धुमसत राहिला, तर त्याच्याखालच्या मातीतले बी आणि मुळे दोन्ही मरतात.

मातीतली ओल हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओली माती लवकर तापत नाही, म्हणून कठीण कवचाचे बी जागे होत नाही. आणि ज्या बियांनी पाणी शोषून घेतले आहे, त्या मात्र कोरड्या बियांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मरतात. म्हणजे ओल असताना मुद्दाम लावलेली सौम्य आग निरुपद्रवी वाटली, तरी बीजसाठ्याचे तिने दुहेरी नुकसान होऊ शकते.

काही जातींना उष्णता नव्हे, तर धूर लागतो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये हे दाखवून दिले आणि २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात धुरातला त्यामागचा एक घटक ओळखला गेला. अशा रासायनिक संयुगांच्या गटाला आता कॅरिकिन म्हणतात. तरीही हे निष्कर्ष सरसकट सगळीकडे लावू नयेत. उष्ण कटिबंधातील ज्या जंगलांत गवत वारंवार पेटते, तेथे झुडपे मुख्यतः बुंध्यापासून व मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर तगतात.

असे धुमारे जमिनीलगतच्या सुप्त डोळ्यांतून, मुळांत साठवलेल्या पिष्टावर वाढतात, आणि पाऊस येण्याआधीही दिसू शकतात. पण प्रत्येक फुटव्यात तो साठा खर्च होतो. लगेच गुरे चरली किंवा पुन्हा आग लागली, तर झुडूप दुबळे होत जाते. केवळ बियांवर अवलंबून असलेल्या जातींची स्थिती अधिक नाजूक असते, कारण नव्या रोपांनी बी धरण्याआधीच दुसरा वणवा आला तर बीजसाठा भरून निघत नाही आणि ती जात त्या जागेवरून नाहीशी होऊ शकते. दक्षिण कॅलिफोर्नियातील झुडुपी रानांत आगी वारंवार लागल्याने काही ठिकाणी झुडपांची जागा परक्या गवतांनी घेतली आहे.

म्हणून आधी मागचा वणवा केव्हा लागला होता, ते शोधा. मग काही कोंब हलक्या हाताने उकरून पाहा: जुन्या जाड मुळाला जोडलेला असेल तर तो फुटवा, बारीक स्वतंत्र मूळ असेल तर ते रोप. वरच्या पाच सेंटीमीटर मातीचे नमुने घेऊन एक भाग तसाच आणि एक भाग भट्टीत ८० अंशांवर दहा मिनिटे तापवून ट्रेमध्ये पसरवा व पाणी देत राहा. पूर्ण पावसाळा गेल्यावरही जागेवर किंवा ट्रेमध्ये काहीच उगवले नाही, तरच त्याच परिसरातले बी गोळा करून पेरा, आणि त्या जागेवर काही काळ चराई बंद ठेवा.