कोंबड्यांची घरघर, पांढुरके तुरे आणि ताडपत्रीने झाकलेले खुराडे

प्रश्न : आमच्या परसात चौदा गावठी कोंबड्या आहेत. दिवाळीनंतर आठवडी बाजारातून तीन तलंगा आणल्या आणि पंधरा दिवसांतच रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येऊ लागली. काहींच्या डोळ्यांत फेस येतो, नाक वाहते, तुरे पांढुरके पडले आहेत आणि अंडी निम्म्यावर आली आहेत. विष्ठेत एकदा लांब पांढरा जंतही दिसला. थंडी लागू नये म्हणून खुराडे चारही बाजूंनी ताडपत्रीने झाकले आहे. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या पाण्यातून दोन दिवस दिल्या, पण फरक पडला नाही. काय करावे?
– एक वाचक, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : औषधाआधी ताडपत्रीचे बोलू या. उद्या पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी खाली बसा, आपले तोंड कोंबड्यांच्या उंचीवर न्या आणि फटीतून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर समजावे की ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया आत कोंडला आहे. श्वासनलिकेच्या आत धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे अतिसूक्ष्म केस असतात. अमोनियाने ते निकामी होतात आणि मग कोणताही जंतू सहज आत उतरतो. नागपुरातली पौष महिन्याची थंडी निरोगी, पूर्ण पिसांची कोंबडी सहज सोसते, तिला सोसत नाही ती ओल आणि कोंडलेली हवा. म्हणून ताडपत्री खालच्या भागापुरतीच ठेवावी, छपराखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर जागा जाळी लावून उघडी ठेवावी आणि खालचा ओला भुसा आजच काढून टाकावा.

डोळ्यांतला फेस, घरघर, हळूहळू पसरणे आणि मर फारशी नसणे, या खुणा मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाकडे, म्हणजे पोल्ट्रीवाले ज्याला सीआरडी म्हणतात त्याकडे बोट दाखवतात. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन तर पेशीभित्तिकेवरच घाव घालते. त्यामुळे तुमच्या गोळ्यांचा उपयोग होणे शक्यच नव्हते. पशुवैद्यक अशा वेळी बहुधा टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन पाण्यातून देतात. मात्रा त्यांनीच ठरवावी, आणि औषधाच्या दिवसांत कोंबड्यांना दुसरे पाणी मिळू देऊ नये. औषधाने लक्षणे जातात, जंतू मात्र अनेक पक्ष्यांत कायमचा राहतो आणि अंड्यातून पिलांतही उतरतो. म्हणून या कळपाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. बाजारातून आणलेला पक्षी सुरुवातीचे तीन-चार आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवला असता तर हा त्रास बहुधा टळला असता.

चेहरा एका बाजूने सुजून नाकातून दुर्गंधी येत असेल तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी असू शकते, आणि त्याचे औषध वेगळे आहे. हिरवट पातळ विष्ठा, लुळा पडलेला पाय, पिळवटलेली मान आणि पटापट मर दिसली तर ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. त्यावर औषध नाही, लसच आहे : पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी. आजारी कळपाला मात्र लस टोचू नये. अचानक अनेक पक्षी मेले तर बर्ड फ्लूची शंका धरून त्यांना हात न लावता आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा ही शंका दूरची समजू नये.

आता पांढुरक्या तुऱ्यांकडे वळू. रक्त कमी होण्याचे एक कारण तुम्ही पाहिलेला जंत असू शकतो, पण मला अधिक संशय माईटचा, म्हणजे रात्री कोंबड्यांचे रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचा आहे. रात्री दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या अंगाने पांढरे फडके घासत न्या. फडक्यावर तांबडे ओरखडे उमटले तर ते माईटने प्यायलेले कोंबड्यांचे रक्त होय. हे किडे दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतात, फटींत लपतात. आपल्याकडे संत्र्यांच्या जुन्या पेट्यांच्या फळ्यांचे खुराडे करतात, त्यातल्या प्रत्येक सांध्यात त्यांना घर मिळते. उपाशी राहूनही ते कित्येक महिने जगतात, म्हणून केवळ कोंबडीवर पावडर मारून काही साधत नाही. खुराडे रिकामे करून सांधे खरवडावेत, उकळते पाणी ओतावे, वाळल्यावर चुन्याची सफेदी फटींत भरावी आणि हे सारे आठवड्याने पुन्हा करावे, कारण लपलेल्या अंड्यांतून तोवर नवी पिढी निघते. कीटकनाशक फवारायचे झाल्यास ते पशुवैद्यकाला विचारूनच आणि पक्षी बाहेर काढून फवारावे. गॅमेक्सिन तर कधीच वापरू नये. गुदद्वाराजवळ पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे झुपके दिसले तर त्या उवा आहेत. त्या अंगावरच राहतात, म्हणून तिथे उपचार पक्ष्यावर करावा. लाकडाची राख मिसळलेल्या कोरड्या मातीचा खड्डा कोपऱ्यात ठेवला तर कोंबड्या स्वतःच धूळस्नान करून पुष्कळ काम करतात.

लांब पांढरा जंत बहुधा गोलकृमी असावा. त्यावर पायपेराझिन चालते, पण चपट्या जंतांवर ते चालत नाही. म्हणून ताजी विष्ठा डबीत घालून दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घ्यावी आणि मगच औषध निवडावे. घरघर कमी होऊन कोंबड्या नीट खाऊ लागल्यावर जंतनाशक द्यावे.

प्रश्न : औषध चालू असताना अंडी खावीत का? उकडून खाल्ली तर चालतील का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. उकडल्याने औषधाचा अंश हमखास नष्ट होत नाही. अंड्यातला पिवळा बलक अंडे घालण्यापूर्वीचे सुमारे दहा दिवस वाढत असतो, त्यामुळे औषध थांबल्यावरही काही दिवस त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो. वेष्टनावर लिहिलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत अंडी खाऊ नयेत, विकू नयेत आणि शेजाऱ्यांनाही देऊ नयेत. वेष्टनावर काळ दिलेला नसेल तर औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्यकाकडून तो कागदावर लिहून घ्यावा.